ढोलीचा ताप

आधी कंपौंडरांचं नाव घेते, मग पुढचं सांगते. नाव म्हणजे तरी कंपौंडर एवढंच. दवाखान्याच्या कागदावर त्यांचं काही वेगळं नाव असणारच, पण वाडीत दुसऱ्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. माझी थोरली आज पाचवीत आहे, भांडते, गाणी म्हणते, भाकरी करपवते, ती त्यांच्यामुळे आहे. तिच्या अंगावर आयुष्यातला पहिला ओला पंचा पडला तो त्यांचा. आणि तो पंचा त्या वेळी दुसऱ्याच एका जिवाच्या अंगावरून काढून घेतलेला होता.

मी घाटावरची. निपाणीकडच्या खेड्यातली. चौथीत शाळा सुटली, आई त्याच वर्षी गेली, आणि पुढं लग्न होऊन मी कोकणात उतरले. तेव्हा अजून मुंबई राज्यच होतं. आमचे हे लाकडाच्या ट्रकवर होते. रान जिथं तुटायचं तिथं ट्रक जायचा, आणि ट्रकामागून आमचं बिऱ्हाड. असं हिंडत आम्ही मालवण तालुक्यात, धामापूरच्या तळ्यापासून थोडं आत, डोंगराच्या खांद्यावर बसलेल्या एका वाडीत आलो. मला सगळ्याचीच धास्ती वाटायची. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याची, माशांच्या वासाची, बायकांच्या बोलण्याची. त्या भराभर बोलायच्या आणि हसायच्या, आणि मला वाटायचं मलाच हसतात. बहुतेक वेळा तसंच असायचं.

खोली भाड्यानं मिळेल म्हणून आम्हाला कंपौंडरांकडं पाठवलं. पन्नाशीचे असतील. काटकुळे, खाकी अर्धी विजार, अंगात बंडी आणि डोक्यावर सदा भिजवून पिळलेला पंचा. आम्ही कोण, कुठले, भाडं परवडेल का, त्यांनी काही विचारलं नाही. आम्हाला मागच्या खोलीत नेलं आणि स्वतःचा गाल भिंतीला लावून उभे राहिले. डोळे मिटून. आमचे हे माझ्याकडं बघायला लागले. मग त्यांनी दुसऱ्या भिंतीला गाल लावला, तिसऱ्या भिंतीला लावला, आणि डोळे उघडून म्हणाले, "हय खाट लावा. थंय नको. त्या भिंतीक पल्याडच्या चुलीची झळ लागता."

मी पदर तोंडाला लावून हसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांनी मला गाठलं. "गो घाटणी, तुझो घरमालक वायच असो आसा हां," म्हणून एकीनं कपाळाजवळ बोट फिरवलं. "पाखरांका ताप इलो काय, ता बघीत फिरता."

हे खोटं नव्हतं. कंपौंडर खरंच ते करायचे. त्यांच्याकडं एक ताप बघायची काचेची नळी होती, दवाखान्यातली नव्हे, स्वतः विकत घेतलेली. ती ते वेळूच्या लांब काठीच्या टोकाला दोऱ्यानं बांधायचे आणि झाडांच्या रिकाम्या ढोल्यांमध्ये ठेवून यायचे. सकाळी ठेवायची, दिवस कलल्यावर काढायची. ताप बघायच्या नळीचा एक गुण असतो, तो त्यांनीच मला समजावला. तिच्यातला पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. म्हणजे भर दुपारी ढोलीत किती तापलं, ते संध्याकाळी नळी सांगते. आणि माणसाच्या अंगाइतकं ऊन झाल्याशिवाय तो पारा जागचा हलतही नाही. पारा हलला नसला की कंपौंडर काठी खांद्यावर टाकून वाडीतून यायचे आणि जो भेटेल त्याला सांगायचे, "ह्या ढोलयेक ताप नाय." जशी काही ढोली त्यांची भाची होती आणि गावानं तिची चौकशी केली होती.

"काय ओ कंपौंडर, आज खंयच्या झाडाक ताप इलो?" बायका विचारायच्या.

"तुज्या घोवाच्या डोक्याक इल्लो तो उतरलो काय, ता आदी सांग," कंपौंडर म्हणायचे आणि पुढं चालायला लागायचे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पाखरू घर बांधतं म्हणून आपण त्याच्या कारागिरीला भुलतो, पण कारागिरी मागाहूनची. आधी ते जागा शोधतं. "आमी पयली दार बघतो, खिडकी बघतो, शेजारी कोण ता बघतो. मगे उकाडता म्हणान बोंब मारतो. पाखरू पयलो थंडावो बघता." मग ते मला परसात नेऊन दाखवायचे. तांबट पक्ष्यानं वठलेल्या फांदीला भोक पाडलेलं असायचं ते फांदीच्या खालच्या अंगाला, वर ऊन नि पाऊस दोन्ही चुकवून. इवल्या सूर्यपक्ष्याचं लोंबतं घरटं असायचं, आणि त्याच्या दारावर छोटी पडवी काढलेली. खंड्या तळ्याच्या काठच्या मातीत हात-दीड हात आत शिरलेला. "अंडा आसता तेंका ऊब व्हयी, बरोबर. पण ऊब आवशीच्या पोटाची. उनाची न्हय. उनान अंडा शिजता, उबत नाय."

ते स्वतःही तसंच राहायचे. त्यांची खाट वर्षभर घरात हिंडायची. थंडीत पूर्वेच्या पडवीत, शिमग्यानंतर फणसाखाली, पावसात माजघराच्या कोपऱ्यात. रात्री-अपरात्री कुणी औषधाला आलं तर त्याला आधी घराला प्रदक्षिणा घालून कंपौंडर शोधावे लागायचे. त्यांना बायको-मूल होतं की नाही, मी विचारलं नाही. वाडीत दोन गोष्टी सांगत. एकीत बायको देवबागला माहेरी जाऊन राहिली होती, दुसरीत ती आणि मूल दोघंही एका उन्हाळ्यात गेली होती. कुठली खरी, ते मला अजून माहीत नाही. एवढंच सांगते, की लहान मूल दिसलं की हा माणूस त्याला आधी उचलून सावलीत ठेवायचा आणि मग त्याच्याशी बोलायचा.

त्यांचं सगळंच बरोबर यायचं असं मुळीच नाही. खुडूक कोंबडी कुठं बसवावी हे विचारायला एकदा शेजारीण आली. कंपौंडर नळी घेऊन तिच्या घरभर फिरले, चुलीमागची जागा नको म्हणाले आणि भाताच्या कणगीमागची पसंत केली. एकही पिल्लू निघालं नाही. शेजारणीनं ती अंडी टोपलीत घालून आमच्या पडवीत आणून ठेवली. "घेवा, तुमची तपासलेली अंडी. आता पोळी करून खावा."

कंपौंडरांनी टोपली उचलून घेतली. "चुकलंय," म्हणाले. "थंय ओल होती. ओल नळीयेक समाजणा नाय." आणि दुसऱ्या दिवशी तिला आपली एक अंड्यावरची कोंबडी नेऊन दिली.

आता बेहड्याचं सांगते.

आमच्या खोलीचं मागचं दार उघडलं की जमीन पश्चिमेला उतरत जायची आणि त्या उतारावर दाट रान होतं. इतकं दाट, की दुपारीसुद्धा माझ्या खोलीत दिवा लावावासा वाटायचा. घाटावरच्या उघड्या माळावर वाढलेली मी, मला त्या गारव्यात हुडहुडी भरायची. त्या उतारावर थोडं खाली एक जुना बेहडा होता आणि त्याच्या खोडाला वर एक मोठी ढोली. झाड खाली आणि घर वर, म्हणून ती ढोली माझ्या दारातून अगदी समोर दिसायची, शेजारच्या घराची खिडकी दिसावी तशी.

त्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी यायची. तिकडं त्याला ककणेर म्हणतात. काळंपांढरं, घारीपेक्षा मोठं पाखरू, आणि पिवळ्या चोचीवर आणखी एक चोच पालथी घातल्यासारखं. माझ्या पहिल्याच वर्षी मी बघितलं. मादी ढोलीत शिरली, आणि तिनं आतून आपल्याच विष्ठेनं नि चिखलानं दार लिंपून घेतलं. नुसती एक उभी फट ठेवली. पुढं सगळे दिवस ती आत. नर उंबरं, काजऱ्याची म्हणजे कुचल्याची फळं, कधी सरडा घेऊन यायचा आणि त्या फटीतून तिला भरवायचा. तो येताना पंखांचा आवाज व्हायचा, सुपानं धान्य पाखडल्यासारखा.

मी घाबरून विचारलं, "तिला कोंडली का ओ त्यानं?"

"कोंडूक नाय. तिची तीच बसली. बाळंतीण ती," कंपौंडर म्हणाले. "आत बसान ती आपली पिसा गाळता. उडाक येणा नाय तिका तेव्हा. सगळो भरवसो भायरच्यार." आणि त्या ढोलीत त्यांनी कधी काठी घातली नाही. त्याच झाडाला वर दुसरी छोटी ढोली होती, रिकामी. नळी तिच्यात ठेवायचे. "बाळंतिणीच्या खोलयेत दादल्यान डोकावचा नाय," म्हणायचे.

भर उन्हाळ्यात त्या ढोलीचा पारा जागचा हलायचा नाही. वाडीतली माणसं घामानं निथळायची आणि कंपौंडर बेहड्यावरून उतरून अभिमानानं सांगायचे, ताप नाय.

दुसऱ्या वर्षी तो उतार विकला गेला. रान खासगी होतं, मालक मुंबईला. मुकादम आला, झाडांवर चुन्याचे पट्टे ओढले गेले. आमच्या ह्यांना काम मिळणार होतं आणि मला दिवस गेले होते, म्हणून मी देवाला हात जोडले. कंपौंडर आठवडाभर त्या पट्ट्यांच्या झाडांतून हिंडत राहिले. मग एक दिवस त्यांनी आंघोळ करून धोतर नेसलं आणि ते देवळात गेले.

वाडीत ही बातमी आगीसारखी पसरली. कंपौंडर देवळाची पायरी चढणारे नव्हते. "देव आजारी पडलो काय रे?" एक म्हातारा म्हणाला, आणि सगळी वाडी बघायला गेली. मीही बायकांमागं उभी राहिले.

गुरवानं देवाच्या पाषाणाला फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर देवाचा होकार. मग मानकऱ्यानं खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू तुज्या पायाकडे इलोसा. उतारावरच्या बेहड्यार देवचार रवता, ता झाड राखूचा असा तेचा मागणा आसा. तर तुझो काय हुकूम आसा तो दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. कंपौंडर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

बराच वेळ काही हललं नाही. मी कंपौंडरांच्या जोडलेल्या हातांकडं बघत होते. मग उजवा कळा पडला.

मुकादम तिथंच होता. त्यानं कान धरले. बेहड्यावर भुतंखेतं असतात हे तोही मानणारा. "त्या झाडाला कुऱ्हाड लागणार नाही," म्हणाला. "बाकीचं मात्र आमचं." आणि त्यानं शब्द पाळला. त्याला मी बोल लावणार नाही. कंपौंडरांनी वाडीत गुळाचं खाजं वाटलं. मला पुडीतलं जास्त दिलं, "दोगांचा" म्हणून.

मी विचारलं, "आणखी दोन-चार मागायची होतीत की."

"ज्यादा मागला तर देव आयकात गो, मुकादम आयकूचो नाय," ते हसून म्हणाले. "ककणेर दर वर्सा त्याच झाडार येता. ता झाड ऱ्हवला, म्हंजे झाला."

थंडीभर कुऱ्हाडी चालल्या. माघ सरता सरता उतार मोकळा झाला. एकटा बेहडा उभा राहिला. मागचं दार उघडलं की डोळे दिपायचे आणि लांब तळ्याचं पाणी चमकताना दिसायचं. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. आमच्या माळासारखं वाटलं.

ककणेराची जोडी आली. दोघं बराच वेळ बेहड्यावर बसून इकडं तिकडं मान फिरवत राहिली. मग मादी ढोलीत शिरली आणि दार लिंपायला लागली. कंपौंडर मागच्या दारात लहान मुलासारखे टाळी वाजवून म्हणाले, "इली मगे. बघ, इली."

महिन्याभरात माझेही दिवस भरले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आई नव्हती. वाडीतल्या म्हाताऱ्या सुईणीनं सगळं केलं. मुलगी झाली, अंगानं बारीक, पण रडणारी. सुईणीनं रीतीप्रमाणं मला त्याच खोलीत बसवलं. दार बंद, खिडकीच्या फटीत चिंध्या, बाजेखाली इंगळांची शेगडी, वर ओव्याची धुरी. "वारो लागता नये," ती सांगायची. "फट ठेव नको हां, बाये." मी कशाला फट ठेवीन. मला तर वाऱ्याचीही धास्ती. आमचे हे ट्रक घेऊन बेळगावला गेलेले. दाराच्या बारीक चिरेतून मला एक गोष्ट दिसायची, बेहड्याची ढोली. तीही आत, मीही आत. नर तिला फळ आणून द्यायचा आणि सुईण मला पेज. मी तिच्याशी मनातल्या मनात बोलायचे. तेवढीच सोबत.

शिमगा होऊन गेला होता. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. एके दिवशी दुपारपासून मुलगी प्यायची थांबली. आधी मला वाटलं, झोपली. अंग इंगळासारखं लागत होतं, पण त्या खोलीत सगळंच तसं लागायचं. भिंत, बाज, माझं स्वतःचं अंग. सुईण म्हणाली, "बाहेरचा कायतरी लागला," आणि मीठमोहऱ्या ओवाळून तिनं शेगडीत आणखी इंगळ घातले. मुलीची मान एका बाजूला पडायला लागली.

बाहेर काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. बेहडा उन्हाळ्याच्या तोंडाला आपली पानं टाकतो. दर वर्षी टाकायचा, पण भोवतीची बारमाही हिरवी झाडं त्याला झाकून घ्यायची. त्या वर्षी तो उघडा होता आणि पश्चिमेचं ऊन सरळ ढोलीवर. कंपौंडर दवाखान्यातून आले, वरच्या ढोलीतली नळी काढायला शिडी लावली, तर नळी फुटलेली. पारा चढायला जागाच उरली नव्हती. आणि खालच्या ढोलीचं लिंपलेलं दार आतून फोडलेलं होतं. पोरं उडायची व्हायच्या आधी जी कधी बाहेर येत नाही, ती मादी बाहेर आली होती. पंखांत पिसं नव्हती. ती झाडाखाली, तोडलेल्या बुंध्यांमध्ये चोच उघडी टाकून पडली होती. नर वरून घिरट्या घालत होता.

कंपौंडरांनी डोक्यावरचा ओला पंचा तिला गुंडाळला आणि तिला उराशी धरून ते वर आले. माझ्या खोलीमागच्या फणसाखाली तिला ठेवलं, घागरीतलं पाणी शिंपडलं. ती धापा टाकत होती, पण मान धरून होती. हे मी चिरेतून बघितलं. माझ्या मांडीवर माझी मुलगी, आणि तिकडं ती.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या दाराकडं बघितलं. दारावर ऊन पडलेलं होतं. त्या भिंतीवर, जिला दोन वर्षांत ऊन माहीत नव्हतं.

"आये," त्यांनी सुईणीला हाक मारली. "आज चेडवाचो आवाज नाय तो?"

"निजलासा," सुईण म्हणाली.

त्यांनी उठून बाहेरून भिंतीला गाल लावला. लगेच काढला. "दार उघड."

"खुळावलंस काय रे? बाळंतिणीच्या खोलयेत दादलो खंय येता? सोयर लागात."

"लागांदे. उघड, आये."

तिनं उघडलं नाही. मी उठले. कशी उठले माहीत नाही. कडी मीच काढली.

एवढा उजेड आत आला की मला काही दिसेना. शेगडी बाहेर फरपटत गेल्याचा आवाज तेवढा आला. मग त्यांनी मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि तिच्या कपाळाला गाल लावला. नळीशिवाय पाऊल न टाकणारा माणूस, पण त्या दिवशी नळी नव्हती. मुलीला घेऊन ते फणसाखाली धावले. एकच पंचा होता. तो त्यांनी पाखराच्या अंगावरून काढला, घागरीत बुडवला आणि माझ्या मुलीला गुंडाळला. पुन्हा काढला, पुन्हा बुडवला, पुन्हा गुंडाळला. बोटानं तिच्या ओठांवर पाणी लावत राहिले. तोंडानं एकसारखं काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं मंत्र. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "रड गो, रड. रड गो, बाये."

ती रडली. फार वेळानं, मांजराच्या पिल्लासारखं. मी हात पुढं केले.

पाखरू तेव्हा गेलेलं होतं. कधी गेलं ते कुणी बघितलं नाही. कंपौंडरांनी मुलगी माझ्या हातात दिली आणि ते त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याची उघडी चोच मिटवायचा प्रयत्न करत होते. ती मिटेना. ढोलीत दोन पिल्लं होती, तीही गेलेली, असं त्यांनी नंतर सांगितलं. नर पुढचे कितीतरी दिवस चोचीत उंबर धरून यायचा, फुटक्या दारापाशी बसायचा, आणि तसाच परत जायचा.

मुलीला मालवणच्या डॉक्टरांनी बघितलं, वाचली म्हणाले. सुईण चार दिवस आली नाही. मग आली, उंबऱ्याबाहेर बसली आणि रडली. "माज्या हातार अर्धी वाडी जल्माक इली गो," म्हणाली. "ह्या खोलयेत इंगळ ठेवल्याबगर पोर जगाचा नाय, इतको गारवो. रान होता तवा. रान गेला तर खोलीय बदालता, ह्या माका कोण सांगतलो?" कंपौंडर तिच्या शेजारी जाऊन बसले. "माका तरी खंय कळला, आये," म्हणाले. "तू इंगळ ठेवलंस, मी झाड ठेवलंय. दोगांचा एकच." सुईणीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यानंतर कंपौंडर बोलायचे कमी. नवी नळी त्यांनी घेतली नाही. वाडीतली माणसं आता चेष्टा करत नव्हती, आणि तेच वाईट वाटायचं. पावसाळ्यात त्यांनी बेहड्याच्या पश्चिम अंगाला रोपं लावली, जांभळाची, सातविणीची, काजऱ्याची. काही गुरांनी खाल्ली. उरलेल्यांना ते तळ्यावरून पाणी आणून घालायचे. पुढच्या माघात ककणेर आला, एकटा. ढोलीत डोकावला. उडून गेला.

रान संपलं, ट्रकाला काम उरलं नाही, आणि आमचं बिऱ्हाड घाटावर परत निघालं. निघताना मी त्यांच्या पाया पडले. मुलगी त्यांच्या कडेवर होती, त्यांचा कान ओढत होती. त्यांनी तिला सवयीनं फणसाच्या सावलीत नेलं आणि मग माझ्याशी बोलले.

"मी देवाकडे झाड मागलंय गो. देवान दिला. मुकादमान राखला. सगळ्यांनी आपापला केला. पण पाखराक झाड नको होता. भोवतालचा व्हया होता." मग मुलीला माझ्याकडं देत म्हणाले, "हिच्यासाठी काय मागतलंस तर एकट्या हिच्यापुरता मागा नको."

चार वर्षांमागं आमच्या ट्रकवाल्यांपैकी एक जण तिकडून आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, तुमचे ते कंपौंडर गेले. ताप आला होता, उतरला नाही. किती होता, ते कुणी बघितलं नाही म्हणे. घरात नळी नव्हती. मी त्या दिवशी चुलीपुढं बसून राहिले, भाकरी करपली, आणि ह्यांनी ती तशीच खाल्ली.

आता माझ्या परसात डबे आहेत. तेलाचे, डालड्याचे, गंजलेले. त्यांत जांभळं रुजली आहेत, सातवीण आहे, उंबराची एक काडी जगली आहे. काजरा अजून रुजत नाही, पण मी पुन्हा बी आणवलं आहे. आमचे हे म्हणतात, एवढ्या लांब नेणार कसं, आणि बेहडा आहे का पडला तेही माहीत नाही. मलाही रात्रंदिवस तीच धास्ती. पडला असला तर? ती जागा दुसऱ्या कुणी घेतली असली तर? तरी पाणी घालायचं मी सोडत नाही, आणि थोरलीला मी सांगून ठेवलं आहे की तू बरोबर यायचं आहेस. ती विचारते, कुणाचं एवढं देणं आहे? मी सांगते, एका पंच्याचं.

कंपौंडर, तो पंचा माझ्या मुलीचा नव्हता. तुम्ही तो कुणाकडून घेऊन तिला दिलात, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. मी येईन. हिला घेऊन येईन, ट्रक मिळाला तर ट्रकनं, नाहीतर एस. टी.नं, डबे मांडीवर घेऊन. बेहडा असला तर त्याच्या पश्चिमेला, नसला तर जिथं तो होता तिथं, आम्ही दोघी सावली लावू. एक झाड नाही, भोवतालचं सगळं. माझ्या हयातीत नाही वाढली तर तिच्या हयातीत वाढेल. त्या ढोलीचा ताप मी उतरवून देईन.